कानामागचा करंट आणि चार चिठ्ठ्या: पार्किन्सन्समधली मळमळ, चक्कर आणि तोल

रुग्ण ६८ वर्षांचे निवृत्त शिक्षक. पार्किन्सन्सचं निदान होऊन ६ वर्षं झालेली. तक्रारी दोन: सकाळी मळमळ, आणि दिवसभरात कधीही चक्कर. दोनदा मागच्या मागे पडले, एकदा न्हाणीघरात आणि एकदा फ्रीजचं दार उघडताना. मुलीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कानांच्या मागे दोन पॅड लावायचे, अगदी सौम्य वीज सोडायची, की पार्किन्सन्सच्या माणसाचा तोल सावरतो आणि मळमळही जाते, असं त्यात सांगितलं होतं. तिचा प्रश्न सरळ होता: "हे मशीन बाबांसाठी मागवू का?"

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशा रुग्णांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हा नमुना रचला आहे, त्यामुळे रक्तदाबाचे आणि चाचण्यांचे आकडेही नमुन्याचेच आहेत. औषधांचे डोस, निदानाचे निकष आणि उपकरणाची माहिती मात्र प्रत्यक्षातली आहे. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवतो. मळमळीसाठी हे मशीन घेऊ नये. तोलासाठी बाकी सगळं निस्तरल्यावर, ते संशोधनाच्या चौकटीत, एकदा मोजून पाहण्याजोगं आहे.

पिशवीतली औषधं

पहिली भेट औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करण्यात गेली. अशा रुग्णाची तपासणी खरं तर इथूनच सुरू व्हावी. पिशवीत चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निघाल्या.

न्यूरॉलॉजिस्टची लेव्होडोपा-कार्बिडोपाची ११० ची गोळी, दिवसातून ४ वेळा. फॅमिली डॉक्टरांचं रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिलीग्रॅम, सकाळी. मूत्रविकारतज्ज्ञांचं प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन ०.४ मिलीग्रॅम, रात्री. पोटाच्या डॉक्टरांची 'गॅस'साठी सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, ज्यात आम्लनाशकाबरोबर लेवोसल्पिराइड ७५ मिलीग्रॅम होतं. याशिवाय चक्करवर सिनारिझिन २५ मिलीग्रॅम तीन वेळा, आणि "फारच गरगरलं तर" प्रोक्लोरपेराझिन ५ मिलीग्रॅम. ही शेवटची दोन औषधं कुणी सुरू केली, ते घरात कुणालाच नक्की सांगता येईना. औषधांच्या दुकानातून ती वर्षभर येत होती.

या यादीत तीन औषधं डोपामिन अडवतात: लेवोसल्पिराइड, प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन आधीच कमी झालेलं असतं. लेव्होडोपाने ते भरून काढायचं आणि त्याच वेळी ते पकडणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) बंद करायचे, असा हा उलटा कारभार चालला होता. मळमळीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड आणि अर्धशिशी-चक्करवर दिलं जाणारं फ्लुनारिझिनही याच यादीतलं. आपल्याकडे लेवोसल्पिराइड इतक्या सहज, आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळून मिळतं, की आपण काही 'मेंदूवर काम करणारं' औषध घेतोय याची रुग्णाला शंकाही येत नाही. कॅप्सूलच्या पट्टीची मागची बाजू वाचणं हा या आजारातला सगळ्यात स्वस्त उपचार म्हणावा लागेल.

चक्करवर नेहमी दिलं जाणारं बीटाहिस्टीन डोपामिन अडवत नाही, म्हणून ते या यादीत नाही. पण या रुग्णाच्या तक्रारीवर त्याचाही उपयोग नव्हता. का ते पुढे येईल.

मळमळ घड्याळावर मांडली

रुग्णाच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, एक साधी वही ठेवायला सांगितली. गोळी किती वाजता, खाणं किती वाजता, मळमळ कधी सुरू आणि कधी बंद. चौथ्या दिवशीच चित्र स्पष्ट झालं. सकाळी ७ ची गोळी उपाशीपोटी, साडेसातच्या आसपास मळमळ, कधी कोरडे उमासे, आणि नऊपर्यंत सगळं शांत. दुपारी १ ची गोळी जेवणानंतर असायची, तेव्हा काही नाही. म्हणजे मळमळ गोळीच्या मागे २०-३० मिनिटांनी चालत येत होती. कानाचा त्यात संबंध नव्हता. कानातून येणारी मळमळ डोकं हलवल्यावर, कूस बदलताना, गाडीत येते. ती गोळीची वेळ पाळत नाही.

कारण आकड्यांत आहे. ११० च्या गोळीत १०० मिलीग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलीग्रॅम कार्बिडोपा असतं. कार्बिडोपाचं काम एकच: लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधी रक्तात आणि आतड्यात त्याचं डोपामिन होऊ न देणं. यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलीग्रॅम कार्बिडोपा लागतं. काकांना चार गोळ्यांतून मिळत होतं ४०. उरलेलं लेव्होडोपा बाहेरच डोपामिन होत होतं आणि मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या मजल्यावर असलेल्या वांतिकेंद्राला चेतवत होतं. त्या भागाला मेंदू-रक्त अडसराचं संरक्षण नसतं, म्हणून रक्तातलं डोपामिन त्याला थेट जाऊन भिडतं.

बदल असे केले. ११० ऐवजी १२५ ची गोळी, म्हणजे १०० मिलीग्रॅम लेव्होडोपा आणि २५ कार्बिडोपा, पूर्वीसारखीच ४ वेळा. लेव्होडोपा तेवढंच राहिलं, कार्बिडोपा ४० वरून १०० वर गेलं. इथे एक सावधगिरी लागते. बाहेर वाया जाणारं औषध आता मेंदूत जास्त पोचतं, त्यामुळे काही जणांना हात-मान वळवळण्याचा त्रास वाढतो. पहिले दोन आठवडे त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. सकाळची गोळी दोन साध्या बिस्किटांबरोबर किंवा मूठभर मुरमुऱ्यांबरोबर घ्यायची. दुधाबरोबर नाही, कारण दुधातली प्रथिनं आतड्यात लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. लेवोसल्पिराइडची कॅप्सूल बंद. पोटाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून नुसतं आम्लनाशक ठेवलं, तेही जळजळ असेल तरच.

पहिल्या आठवड्यापुरतं डोम्पेरिडोन १० मिलीग्रॅम, सकाळच्या गोळीच्या अर्धा तास आधी. तेही डोपामिनच अडवतं, पण मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून पार्किन्सन्समध्ये चालतं. हृदयाची लय बिघडवण्याचा धोका त्यात असतो. ईसीजी काढून त्यातलं क्यूटी अंतर (ते लांबलं तर लय बिघडण्याचा धोका वाढतो) पाहिल्याशिवाय ते सुरू करू नये, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोलसारख्या औषधांबरोबर देऊ नये. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्यावर दिवसाला ३० मिलीग्रॅम आणि साधारण एक आठवडा अशी मर्यादा घातली. आपल्याकडे ते महिनोन्महिने चालू राहतं, ही सवय मोडायला हवी.

दहाव्या दिवशी वहीतली मळमळ थांबली होती. कानाला हात न लावता.

उभं राहिल्यावरची अंधारी

चक्कर नेमकी कधी येते, हे विचारल्यावर काकांनी तीन वेगळी उत्तरं दिली: अंथरुणातून उठल्यावर, जेवून हात धुवायला गेल्यावर, आणि मागे वळताना. पहिल्या दोन प्रसंगांत डोळ्यांपुढे अंधारी आणि मानेत-खांद्यात ओढ असायची. तिसऱ्यात डोकं साफ असायचं, पण शरीर मागे जायचं. खोली फिरल्याची भावना एकदाही नव्हती.

पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घेतला: १४८/८४, नाडी ७२. उभं केल्यावर १ मिनिटाने ११८/७०, ३ मिनिटांनी ११२/६८, नाडी ७८. वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला की उभ्याचा रक्तदाब-उतार धरतात. इथे वरचा ३६ ने उतरला. नाडी मात्र जेमतेम ६ ने वाढली. नाडीतली वाढ भागिले दाबातला उतार हे प्रमाण ०.५ च्या खाली असेल, तर दोष नुसत्या पाणी कमी पडण्यात नसून रक्तदाब, नाडी आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेत असतो. काकांचं प्रमाण होतं ०.१७. बसवून घेतलेला रक्तदाब इथे काहीच सांगत नाही. बसल्यावर १३२/७८ पाहून टेल्मिसार्टन 'छान काम करतंय' असं समजलं गेलं होतं.

कानाची तपासणीही केली, कारण ती न करता कानाला दोषमुक्त करणं बरोबर नाही. डिक्स-हॉलपाइक चाचणीत दोन्ही बाजूंना डोळे फिरले नाहीत, म्हणजे अंतर्कर्णातले खडे सुटल्याची चक्कर नव्हती. पार्किन्सन्समध्ये मान ताठ असते, त्यामुळे ही चाचणी पलंगावर मान मागे टाकून जमत नसेल, तर कुशीवर झोपवून करावी. डोकं झटक्याने वळवण्याची चाचणी दोन्हीकडे ठीक होती. अंतर्कर्ण चालू होता, म्हणूनच कानाच्या चक्करवरच्या बीटाहिस्टीनचाही इथे उपयोग नव्हता. हे निदान आता, आणि पुढे करंटच्या वेळीही, महत्त्वाचं आहे.

टॅम्सुलोसिनही उभ्याचा दाब उतरवतं, म्हणून मूत्रविकारतज्ज्ञांशी बोलून ते बंद केलं. टेल्मिसार्टन निम्मं करून रात्री नेलं. आडवं असताना काकांचा दाब मुळातच चढा होता, त्यामुळे फ्लुड्रोकॉर्टिसोन लगेच सुरू केलं नाही. तशा दाबात ते रात्रीचा दाब आणखी चढवतं. सकाळी अंथरुणातच बसून ५०० मिलीलीटर पाणी ३-४ मिनिटांत प्यायचं, मग पाय खाली सोडून थोडा वेळ बसायचं, मगच उभं राहायचं. घोट घोट पाण्याचा हा परिणाम होत नाही, ते एकदम पोटात जावं लागतं. त्याने दाब अर्ध्या तासात वर येतो आणि तासभर तरी टिकतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो भाग १५ ते २० सेंटीमीटर उचलला. नुसत्या जादा उशांनी मान दुमडते आणि काही साधत नाही. उठायच्या आधी पोटाचा पट्टा बांधायचा, आडवं होताना काढायचा. दुपारचं जेवण दोनदा थोडं थोडं, कारण भातावर ताव मारला की रक्त पोटाकडे वळतं आणि दाब उतरतो.

सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन बंद केली. सिनारिझिनचा परिणाम शरीरातून जायला आठवडे, कधी महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून "बंद करूनही उपयोग नाही" असं म्हणत ते पुन्हा सुरू होतं. हे फार वेळा घडतं.

सहा आठवड्यांनी उभ्याचा उतार ३६ वरून १८ वर आला. अंधारी महिन्यातून एखाद्या वेळी. आता उरलं होतं ते मागे वळताना शरीर मागे जाणं. मागून खांदे ओढण्याच्या चाचणीत ५ पेक्षा जास्त पावलं मागे टाकून काका स्वतः सावरायचे, म्हणजे ० ते ४ च्या मोजपट्टीवर गुण २ (गुण जास्त, तितका तोल वाईट). लेव्होडोपाने कंप आणि संथपणा जितका सुधारतो तितका हा तोल सुधारत नाही. कानातल्या विजेत संशोधकांना रस आहे तो याच कारणाने.

वीज कानात काय करते

पद्धतीचं नाव गॅल्व्हॅनिक व्हेस्टिब्युलर स्टिम्युलेशन, बोलण्यात जीव्हीएस. कानाच्या पाळीमागच्या हाडाच्या उंचवट्यावर, मास्टॉइडवर, दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रोड. प्रवाह त्वचेतून आणि हाडातून अंतर्कर्णाच्या तोल-चेतापर्यंत जातो. ऋण ध्रुवाच्या बाजूची चेता जास्त वेगाने स्पंदू लागते, धन बाजूची मंदावते. मेंदूला वाटतं डोकं ऋण बाजूला कललं, आणि तो शरीर धन बाजूला झुकवून भरपाई करतो. १ मिलीअँपिअर थेट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा (डीसी), प्रवाह दिला तर उभा माणूस दिसण्याइतका धन बाजूला झुकतो.

पार्किन्सन्ससाठी ज्याची चर्चा होते तो प्रकार वेगळा आहे. त्यात थेट प्रवाहाऐवजी अनियमित वर-खाली होणारा, सरासरी शून्य असलेला 'गोंगाटी' प्रवाह देतात, आणि तोही जाणवणार नाही इतका कमी. धान्य मापात भरताना माप हलकेच आपटलं की अडलेले दाणे खाली बसतात. जोरात आपटलं की धान्य सांडतं. तसा थोडासा गोंगाट उंबरठ्याच्या जरा खाली राहिलेले तोलाचे संकेत वर ढकलतो, आणि जास्त झाला की संकेतच बुडवतो. म्हणून या पद्धतीत 'जास्त करंट, जास्त फायदा' हे लागू होत नाही, आणि प्रत्येक माणसाची योग्य मात्रा वेगळी निघते.

२००५ मध्ये जपानी संशोधकांनी असा गोंगाटी प्रवाह दिल्यावर पार्किन्सन्स आणि तत्सम आजारांत हालचालीच्या आणि स्वायत्त मज्जासंस्थेच्या प्रतिसादात सुधारणा झाल्याचं प्रसिद्ध केलं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने पार्किन्सन्समध्ये उभ्याचं डुलणं त्याने कमी होतं, पण थोडंच, असं नोंदवलं. २०१५ मध्ये स्वीडनच्या गटाने लेव्होडोपासह आणि त्याविना असं तपासलं. त्याच वर्षी जपानमधून पुढे वाकलेल्या पाठीवर थेट प्रवाहाचा प्रयोग आला. २०१९ मध्ये ब्रिटनमधून आलेला अभ्यास विजेचा नव्हता. त्यात कानाच्या नळीत ऊन-गार तापमानाचे फेरे घरीच, दिवसातून दोनदा, काही आठवडे दिले होते. लोक दोन्ही एकत्र करून बोलतात, पण उपकरणं वेगळी आहेत. विजेचे प्रयोग बहुतेक लहान आणि अल्पकाळाचे आहेत. घरी रोज लावून पडणं कमी होतं, असं त्यांवरून म्हणता येत नाही.

मळमळीचं काय? प्रवाह वाढवला की जीव्हीएसच मळमळ आणतो. सिम्युलेटरमध्ये बसल्यावर होणारी मळमळ, डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीशी करंट जुळवून कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत. पण ती मळमळ डोळे आणि कान यांच्यातल्या भांडणाची. काकांची लेव्होडोपाची होती. या दोन गोष्टी व्हिडिओमध्ये एकत्र कालवल्या होत्या.

मोजून पाहिलं ते कसं

पार्किन्सन्ससाठी जीव्हीएस हा मान्य उपचार नाही. भारतात तो रुग्णावर करायचा तर नैतिक समितीची परवानगी, सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी आणि लेखी संमती असलेल्या अभ्यासातच. पेसमेकर, मेंदूतलं डीबीएस (मेंदूत बसवलेल्या तारांनी वीज देणारं यंत्र), कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), अपस्मार, कानामागे जखम किंवा पुरळ यांपैकी काही असेल तर बाद.

उपकरण बॅटरीवर चालणारं, प्रवाह नियंत्रित ठेवणारं, भिंतीच्या विजेपासून पूर्ण वेगळं. इलेक्ट्रोड कार्बन रबरचे, ३ × ३ सेंटीमीटर, मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या स्पंजमध्ये. म्हणजे १ मिलीअँपिअरलाही दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम ०.११ मिलीअँपिअर. प्रवाह ० ते ३० हर्ट्झचा पांढरा गोंगाट (व्हाइट नॉइज, म्हणजे त्या पट्ट्यातल्या सगळ्या वारंवारता सारख्याच), शिखरं १ मिलीअँपिअरला कापलेली.

पहिली अडचण आली ती खोबरेल तेलाची. काकांनी सकाळी डोक्याला तेल लावलं होतं, आणि एका बाजूचा रोध, म्हणजे प्रवाहाला त्वचेचा अडथळा, ३८ किलोओहम दाखवत होता. साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसून, खरखरीत जेलने त्वचा हलकी घासल्यावर तो ७ वर आला. १० च्या खाली असावा हा नियम. केस बाजूला करून, पाळीची मागची घडी मोकळी ठेवून इलेक्ट्रोड लावायचा. चष्म्याची दांडी त्याच्यावर बसते, म्हणून चष्मा नंतर आणि दांडी वर उचलून. स्पंज फार ओला असेल तर पाणी मानेवर ओघळतं आणि प्रवाह कानाकडे न जाता त्या ओल्या वाटेने पसरतो. सुकला तर एका कडेला टोचतं आणि त्वचा लाल होते. उकाड्यात दर १५ मिनिटांनी रोध पुन्हा तपासावा लागतो.

मात्रा लिहिताना एक घोळ नेहमी होतो. '०.३ मिलीअँपिअर' म्हणजे शिखर (प्रवाहाचं सर्वोच्च टोक) की आरएमएस (एक प्रकारची सरासरी)? गोंगाटी प्रवाहात शिखर आरएमएसच्या तिपटीच्या आसपास असतं. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी डोळे मिटून वापरला तर मात्रा तिप्पट होते. इथे सगळे आकडे शिखराचे धरले.

डोकं कसं धरलंय यालाही महत्त्व आहे. दोन्ही मास्टॉइडवर विरुद्ध ध्रुव ठेवले की मेंदूला वाटणारी हालचाल डोक्याच्या पुढे-मागे जाणाऱ्या अक्षाभोवती होते, म्हणजे शरीर कडेला डुलतं. हनुवटी छातीला लागलेली असेल तर तोच अक्ष उभ्याकडे झुकतो, आणि कडेला डुलण्याऐवजी वळल्याचा भास होतो. वाकलेल्या मानेचा रुग्ण म्हणूनच वेगळा प्रतिसाद देतो. नजर समोरच्या भिंतीवरच्या खुणेवर ठेवायला सांगून मान शक्य तेवढी सरळ केली. इथे एक मूळ अडचणही दिसते: ही रचना कडेच्या तोलावर जास्त काम करते, आणि पार्किन्सन्सचा माणूस पडतो मागे. पुढे-मागे परिणाम हवा तर दोन्ही कानांमागे एकच ध्रुव आणि तिसरा इलेक्ट्रोड दुसरीकडे, अशी रचना लागते. तिचा परिणाम मुळात लहान असतो.

सकाळच्या गोळीनंतर एका तासाने, औषध चढलेलं असताना, चाचणी सुरू केली. कमरेला आधाराचा पट्टा, मागे एक माणूस, बाजूला एक. ६ सेंटीमीटर जाडीच्या फोमवर अनवाणी, डोळे मिटून, ३० सेकंद. दोन फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं खुर्ची. आधी बसवून जाणवण्याचा उंबरठा शोधला: ०.१ पासून ०.१ ने वाढवत ०.६ ला कानामागे मुंग्या आल्या. म्हणून चाचणी ०, ०.१, ०.३ आणि ०.५ वर, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने. यंत्र चालवणारा पडद्यामागे. सेकंद मोजणाऱ्याला मात्रा माहीत नाही. काकांनाही नाही. शेवटी आणखी एक फेरी शून्यावर, कुणालाही न सांगता.

निकाल असा. करंट नसताना फोमवर १७, १९ आणि २१ सेकंद. ०.१ वर २० च्या आसपास. ०.३ वर २२, २४ आणि २६. ०.५ वर पुन्हा १९-२०. माप आपटण्याचा वर सांगितलेला आलेख दिसावा तसा दिसला. पण शेवटच्या गुपचूप शून्य-फेरीत काका २३ सेकंद उभे राहिले. म्हणजे ०.३ च्या फायद्यातला मोठा भाग सरावाचा होता. ती शेवटची फेरी नसती तर घरी जाताना सगळे खूश असते. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परतण्याची वेळ १५.८ वरून १५.२ सेकंद झाली. पार्किन्सन्समध्ये साधारण ३.५ सेकंदांपेक्षा कमी फरक मोजणीच्या चुकीतच जमा होतो. मागे ओढण्याच्या चाचणीत गुण २ चा २ च राहिला. मळमळ झाली नाही, कानामागे लालीही नाही.

आमचं मत असं: परिणाम असावा, लहान आहे, आणि काका ज्या प्रसंगात पडतात त्या प्रसंगात तो दिसला नाही.

मग काय ठरलं

रोजच्या करंटसाठी उपकरण सुचवलं नाही. फिजिओथेरपीत मागे पाऊल टाकण्याचा सराव आठवड्यातून तीनदा सुरू केला: कोपऱ्यात, दोन्ही भिंती हाताला येतील असं उभं राहून, हलक्या धक्क्यावर एकच मोठं पाऊल मागे. जागच्या जागी गिरकी घेण्याऐवजी अर्धवर्तुळात, चार-पाच पावलांत वळणं. फ्रीजचं दार ओढताना समोर नव्हे तर कडेला, एक पाय मागे ठेवून उभं राहणं. न्हाणीघरात पाठीमागच्या भिंतीला दांडा आणि बसून अंघोळ. सिनारिझिन बंद होऊन तीन महिने झाल्यावर ओढण्याची चाचणी पुन्हा केली तेव्हा गुण १ होता: ४ पावलांत सावरले. यातलं किती औषध गेल्यामुळे आणि किती सरावाने, ते वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकाच काळात घडलं.

मुलीने उपकरणाबद्दल पुन्हा विचारलं. बाजारात कानामागे वीज देणारे हेडसेट आहेत. बेलफास्टच्या न्यूरोव्हॅलेन्स कंपनीच्या अशा एका उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये निद्रानाशासाठी परवानगी दिली. ती परवानगी पार्किन्सन्सच्या तोलाची नाही. परदेशातल्या नातेवाइकाकडून कुणी मागवलंच, तर आधी रुग्णाच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवावं. त्यात प्रवाह नियंत्रित आहे का, कमाल किती, थेट आहे की आलटून पालटून, हे पाहावं, आणि रुग्ण एकटा असताना, उभ्याने किंवा चालताना लावू नये.

घरच्या घरी ९ व्होल्टच्या बॅटरीने हे करण्याचे व्हिडिओही फिरतात. ते करू नये. त्वचेचा रोध क्षणाक्षणाला बदलतो. १० किलोओहमला १ मिलीअँपिअर हवा तर १० व्होल्ट लागतात. रोध घामाने २ वर आला तर त्याच ९ व्होल्टच्या बॅटरीतून ४ मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह जातो, आणि तार लावता-काढताना डोळ्यांसमोर झगमगाट होऊन माणूस कोलमडतो. थेट प्रवाह तसाच चालू राहिला तर इलेक्ट्रोडखाली त्वचा भाजते. फिजिओथेरपीतल्या टेन्स मशीनचे पॅड तर कानामागे लावूच नयेत. त्याचे झटके दहा-दहा मिलीअँपिअरच्या पटीत असतात आणि ते स्नायू-चेतांसाठी बनवलेलं आहे.

पुढची भेट तीन महिन्यांनी. आणायचं काय ते काकूंच्या वहीत लिहून दिलं: आडवं आणि उभ्याने १ व ३ मिनिटांनी घेतलेला रक्तदाब, आठवड्यातून दोन सकाळी, पडल्याची किंवा पडता पडता वाचल्याची प्रत्येक नोंद, वेळ आणि शेवटच्या गोळीची वेळ यांसह, आणि मधल्या काळात कुणीही, कशासाठीही दिलेल्या प्रत्येक नव्या गोळीची पट्टी.